‘लिमिटच्या आत आहे’ म्हणजे नेमकं काय? : ट्रायक्लोरोइथिलीन, त्याचे आकडे आणि कामगाराचं शरीर

मशीनवरून उतरलेला जॉब, म्हणजे घडवलेला भाग, तेलाने माखलेला असतो. कटिंग ऑइल, कूलंट, बारीक बर म्हणजे धातूचा कीस, हाताचा घाम, सगळं त्यावर असतं. प्लेटिंगला, पेंटिंगला किंवा असेंब्लीला जाण्याआधी तो धुवावाच लागतो. बेळगावात हायड्रॉलिकचे पंप नि व्हॉल्व्ह बनतात, फौंड्रीतून कास्टिंग येतात, गाड्यांचे सुटे भाग होतात, हत्तरगीच्या बाजूला तर विमानांचे भाग तयार होतात. तेव्हा हे धुण्याचं काम इथे कुणाला तरी रोज करावं लागतं. बहुतेक ठिकाणी ते सगळ्यात नव्या पोराच्या गळ्यात पडतं. कुठे केरोसीन वापरतात, कुठे एमटीओ (खनिज टर्पेंटाइन), कुठे साबणाचं गरम पाणी. जिथे जॉब झटकन आणि कोरडा ठणठणीत हवा असतो, तिथे ट्रायक्लोरोइथिलीन. शॉपमध्ये कुणी त्याला ट्रायक्लोर म्हणतं, कुणी टीसीई, कुणी नुसतंच ‘ट्राय’.

हा लेख त्या द्रवाबद्दल आहे. पण त्याहून जास्त तो एका वाक्याबद्दल आहे : ‘काळजी करू नका, लिमिटच्या आत आहे.’ हे वाक्य खोटं असतं असं माझं म्हणणं नाही. सांगणारा बऱ्याचदा खरंच बोलत असतो. ऐकणारा मात्र त्यातून ‘म्हणजे मला काही होणार नाही’ असा अर्थ काढतो, आणि तो अर्थ त्या वाक्यात नसतो.

आधी द्रवाचा स्वभाव. रंग नाही, वास किंचित गोडसर, क्लोरोफॉर्मच्या जवळचा. पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड. ८७ अंश सेल्सिअसला उकळतो, पण साध्या हवेतही भराभर उडतो. ग्रीस, मेण, तेल क्षणात विरघळवतो. आणि पेट्रोल-केरोसीनसारखा भडकत नाही, हा त्याचा मोठा गुण. आगीची भीती नाही म्हणून जगभरच्या कारखान्यांनी तो विसाव्या शतकात डोक्यावर घेतला. इतकंच कशाला, एके काळी ऑपरेशन आणि बाळंतपणात भूल द्यायलाही तो वापरत. म्हणजे मेंदूला गुंगी आणणं हा त्याचा अपघाती दुष्परिणाम नाही, तो त्याचा मूळ धर्मच आहे.

आता आकडा. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली फॅक्टरीज ॲक्ट, १९४८ मध्ये घातक प्रक्रियांचं एक नवं प्रकरण घालण्यात आलं. त्यातल्या कलम ४१-एफ खाली दुसऱ्या परिशिष्टात रसायनांची यादी होती. ट्रायक्लोरोइथिलीनपुढे लिहिलं होतं : आठ तासांची सरासरी ५० पीपीएम, म्हणजे एक घनमीटर हवेत २७० मिलिग्रॅम. शिवाय थोड्या वेळासाठीची वेगळी मर्यादा : पंधरा मिनिटांसाठी २०० पीपीएम, तीही दिवसातून चारदाच आणि दोन वेळांमध्ये किमान तासाचं अंतर ठेवून. पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत वाफेचे किती भाग.

५० भाग दहा लाखांत, हे ऐकायला फारच किरकोळ वाटतं. म्हणून हिशेब करून बघू. दहा मीटर लांब, सहा मीटर रुंद, चार मीटर उंच असा एक शेड घ्या. आत २४० घनमीटर हवा. ती पूर्ण ५० पीपीएमला न्यायला लागतात सुमारे ६५ ग्रॅम ट्रायक्लोर. द्रवाच्या मापात ४४ मिलिलिटर. अर्धा कप चहासुद्धा नाही. ब्रश बुडवून जॉब घासणाऱ्या पोराच्या उघड्या ट्रेमधून एवढं उडून जायला फार वेळ लागत नाही. खेळती हवा नसेल तर मर्यादा गाठणं अगदी सोपं आहे, आणि ट्रेवर वाकलेल्या माणसाच्या नाकापाशी शेडच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त वाफ असते.

सरासरी हाच तर या आकड्यातला खरा घोळ. बेळगाव जिल्ह्याचा सरासरी पाऊस सांगून कणकुंबीत छत्री विसरता येत नाही आणि अथणीत ऊस भिजत नाही, तसंच इथे. समजा एका कामगाराने दोन तास १५० पीपीएममध्ये धुलाई केली आणि उरलेले सहा तास १० पीपीएममध्ये पॅकिंग केलं. दोन गुणिले १५० म्हणजे ३००, सहा गुणिले १० म्हणजे ६०, बेरीज ३६०, भागिले आठ : ४५. कागदावर तो मर्यादेत बसला. पंधरा मिनिटांची २०० ची रेषाही त्याने ओलांडली नाही. पण त्या दोन तासांत त्याचं डोकं जड झालं, मळमळलं, जिना उतरताना तोल गेला, तर ते काही आकड्याने रद्द होत नाही.

दिवाळीच्या आधी ऑर्डरी वाढल्या की ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, सुरू होतं. बारा तासांची शिफ्ट. इथे दुहेरी फटका असतो : वाफ घ्यायला चार तास जास्त, आणि शरीराने ती बाहेर टाकायला चार तास कमी. याचा हिशेब करण्याची औद्योगिक आरोग्यवाल्यांची एक जुनी पद्धत आहे. तिने बारा तासांसाठी मर्यादा सरळ निम्मी येते, म्हणजे ५० ची २५. ओटीचे पैसे दुप्पट मिळतात हे सगळ्यांना पाठ असतं. मर्यादा निम्मी होते हे कुणी सांगत नाही.

पन्नास, शंभर, दहा की शून्य दशांश दोन?

आपल्या परिशिष्टात ५०. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याचा कायदेशीर आकडा १०० आणि तो १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून जागचा हललेला नाही. त्याच देशातल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे एसीजीआयएचने, २००७ मध्ये स्वतःची शिफारस १० पीपीएमवर आणली. युरोपीय संघाची बंधनकारक मर्यादाही १०. आणि डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने या द्रवावर टप्प्याटप्प्याने बंदीचा नियम काढला. त्या नियमाला कोर्टात आव्हान दिलं गेलं, पण ज्या थोड्या कामांना त्यात मुदत दिली होती त्यांच्यासाठी ठरवलेला आकडा होता ०.२.

एकच द्रव, तीच फुप्फुसं, आणि आकड्यांत पाचशे पटींचा फरक. याचं कारण शास्त्रज्ञांचा गोंधळ नव्हे. जुने आकडे ठरले तेव्हा प्रश्न होता : माणसाला गुंगी येऊ नये, यकृत बिघडू नये, एवढ्यासाठी किती चालेल? शिवाय कारखान्यांना झेपेल का, हेही पाहिलं जात होतं. नंतर प्रश्न बदलला. वीस-तीस वर्षांनी कॅन्सर होतो का? मूत्रपिंडावर काय होतं? मेंदूच्या पेशींचं काय? प्रश्न बदलला की उत्तराचा आकडा खाली येतो. कायदा मात्र तिथेच थांबलेला असतो, कारण कायद्यातला आकडा बदलायला सरकारची अधिसूचना लागते आणि शास्त्र बदलायला एखादा चांगला अभ्यास पुरतो. म्हणून ‘कायदेशीर मर्यादेच्या आत’ याचा प्रामाणिक अर्थ इतकाच : इन्स्पेक्टर आला तर दंड होणार नाही.

आणखी एक. हे सगळे आकडे श्वासातून जाणाऱ्या वाफेचे आहेत. उघडे हात ट्रेमध्ये बुडवले तर कातडीतूनही द्रव आत शिरतो, आणि तो कुठल्याच हवेच्या मीटरवर दिसत नाही.

नाकाच्या भरवशावर राहणारे बरेच असतात. ‘वास आला की आपण बाहेर जातो.’ वास जाणवायला लागण्याचा नेहमी दिला जाणारा आकडा २८ पीपीएमच्या आसपास आहे आणि तो माणसागणिक खूप बदलतो. म्हणजे जिथे एसीजीआयएचची आणि युरोपची रेषा आहे, तिथे बऱ्याच जणांना वासच येत नाही. त्यात नाक थोड्या वेळात सरावतं. पाहुणा शेडमध्ये शिरताच ‘केवढा वास!’ म्हणतो आणि कामगार म्हणतो ‘कुठे काय?’ या दोघांत पाहुण्यावर विश्वास ठेवावा.

शरीरात काय होतं

सुरुवातीची लक्षणं दारू चढल्यासारखी असतात : डोकेदुखी, चक्कर, झोप, बोलणं अडखळणं. मोकळ्या हवेत आलं की उतरतं, म्हणून कुणी मनावर घेत नाही. पण जास्त वाफेत एक वेगळाच धोका असतो. या द्रवाने हृदयाचे स्नायू ॲड्रिनलिनला फाजील संवेदनशील होतात. घाबरून पळणं, जोर लावून कुणाला ओढणं, अशा वेळी शरीर ॲड्रिनलिन सोडतं आणि हृदयाचे ठोके बिघडून माणूस जागीच जाऊ शकतो. टाकी साफ करायला आत उतरलेला बेशुद्ध पडला आणि त्याला काढायला दुसरा उतरला, अशा अपघातांत दोघेही का जातात, याची अर्धी गोष्ट इथे आहे. उरलेली अर्धी म्हणजे ही वाफ हवेच्या साडेचारपट जड असते. टाकीत, खड्ड्यात, बेसमेंटमध्ये ती साचून राहते. हवा पुरवणाऱ्या उपकरणाशिवाय आत उतरणं म्हणजे मदत नव्हे. आणि अशा माणसाला दवाखान्यात नेलं तर डॉक्टरांना द्रवाचं नाव सांगायलाच हवं, कारण ॲड्रिनलिनचं इंजेक्शन देण्याआधी त्यांना ते माहीत असणं गरजेचं आहे.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती बाब मात्र आपल्याकडे फारच कमी लोकांना माहीत असते. काही थोड्या लोकांमध्ये हे काम सुरू केल्यावर साधारण दोन ते पाच आठवड्यांत ताप येतो, अंगभर लाल पुरळ उठतो, कातडी सुटते, तोंडात फोड येतात, यकृत सुजून कावीळ होते. यात मृत्यूही झालेत. अशा केसेस प्रामुख्याने आशियातून नोंदल्या गेल्या आहेत : चीन, थायलंड, फिलिपिन्स. चीनमधल्या अभ्यासांत त्याचा संबंध एचएलए-बी १३:०१ या जनुकाच्या प्रकाराशी सापडला, आणि हा प्रकार भारतीयांतही आढळतो. डॅप्सोन या कुष्ठरोगाच्या औषधाची जबर ॲलर्जी ज्यांना होते त्यांच्यातही हेच जनुक दिसतं.

याचा व्यवहारातला अर्थ लक्षात घ्या. येळ्ळूरचा किंवा खानापूरचा एक पोरगा नुकताच कामाला लागला आहे. महिन्याभरात तापाने फणफणतो, अंगावर पुरळ येतो. पावसाळा असेल तर घरचे म्हणणार डेंग्यू, डॉक्टर म्हणणार औषधाची ॲलर्जी. घरी राहून बरा वाटतो, परत कामावर जातो आणि दुसऱ्यांदा अधिक जोरात उसळतं. इथे ‘तू कामाला काय करतोस?’ हा एक प्रश्न जीव वाचवू शकतो. तो डॉक्टरांनी विचारला नाही तर आपण होऊन सांगावं. अशा माणसाने त्या कामाकडे पुन्हा फिरकू नये, मर्यादा पाळलेली असो वा नसो. ॲलर्जीला सरासरी कळत नाही.

लांब पल्ल्याचं नुकसान गुपचूप होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, २०१२ मध्ये ट्रायक्लोरोइथिलीनला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कॅन्सर करतं हे सिद्ध झालेल्यांत. मुख्य पुरावा मूत्रपिंडाच्या कॅन्सरचा. यकृताचा कॅन्सर आणि लिम्फोमा यांच्याशीही संबंध दिसला आहे. मेंदूबद्दल : अमेरिकेतल्या कॅम्प लेजून या लष्करी तळाच्या पिण्याच्या पाण्यात १९५३ पासून ८० च्या दशकापर्यंत हा आणि असेच द्रव मिसळले होते. तिथे राहिलेल्या सैनिकांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या तळावरच्या सैनिकांच्या तुलनेत त्यांच्यात पार्किन्सन्सचा धोका ७० टक्के जास्त निघाला. एकट्या अभ्यासाने सगळं सिद्ध होत नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही ते नाही.

शिफ्ट सुटल्यावर दोन पेग घेणाऱ्यांसाठी खास. हा द्रव आणि दारू, दोन्ही यकृतातल्या त्याच यंत्रणेतून जातात. ट्रायक्लोरवर काम करणाऱ्याने दारू घेतली की चेहरा, मान, खांदे लालबुंद होतात. वैद्यकीय पुस्तकांत या लालीला खास नाव आहे. ‘मला दारू सोसत नाही हल्ली’ असं जर धुलाई खात्यातला माणूस म्हणू लागला, तर दारूपेक्षा शेडच्या हवेची चौकशी आधी करावी.

पंखा, विडी आणि वेल्डिंग

मोठ्या शॉपमध्ये उघड्या ट्रेऐवजी व्हेपर डिग्रीसर असतो. तळाशी हीटर, त्यावर उकळता द्रव, वर वाफेचा थर आणि काठाजवळ थंड पाण्याच्या कॉइल. गार जॉब वाफेत लोंबकळत ठेवला की त्यावर द्रव जमतो आणि तेलासकट ठिबकून खाली जातो. यंत्र हुशार आहे, पण त्याचा सगळा डोलारा वाफेचा थर शांत राहण्यावर उभा आहे. बास्केट झटक्यात वर ओढली तर थर सोबत वर येतो. मिनिटाला तीन मीटरपेक्षा हळू उचलायची असते. आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात कुणीतरी मोठा पेडेस्टल पंखा टाकीकडे तोंड करून लावतो. त्याला वाटतं हवा खेळती झाली. प्रत्यक्षात तो टाकीतली वाफ उपसून सगळ्या शेडभर वाटत असतो. वाफ ओढून बाहेर टाकणारा एक्झॉस्ट टाकीच्या काठाशी हवा, तोंडाच्या वर नव्हे; वर बसवला तर वाफ नाकासमोरून जाते. पावसाळ्यात उलटा प्रश्न. बेळगावचा पाऊस आडवा मारतो, शटर खाली येतात, आणि उन्हाळ्यात ३० पीपीएम मोजलेला शेड जुलैमध्ये कितीवर जातो हे कुणी मोजत नाही. मापन करायचंच तर शटर बंद असतानाचं करा.

भडकत नाही म्हणून हा द्रव आगीजवळ चालतो, हा समज फार महागात पडतो. तापलेल्या पृष्ठभागावर किंवा वेल्डिंगच्या आर्कच्या अतिनील किरणांत त्याची वाफ फुटते आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड नि फॉस्जीन तयार होतं. फॉस्जीन हा पहिल्या महायुद्धात वापरलेला विषारी वायू. त्याने फुप्फुसात पाणी भरतं तेही काही तास उलटल्यावर, माणूस घरी पोचल्यावर. म्हणून धुलाईच्या शेजारी वेल्डिंग नको. निपाणीची विडीही नको, कारण पेटलेल्या टोकातून वाफ ओढली की तेच होतं. कॉस्टिक सोड्याशी गाठ पडली तर डायक्लोरोॲसिटिलीन तयार होतं, जे स्फोटकही आहे आणि चेहऱ्याच्या नसाही मारतं. ॲल्युमिनियमच्या बारीक बरशी तो बिघडून ॲसिड होतो. ॲल्युमिनियमचे जॉब करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं.

तोंडाला रुमाल, सर्जिकल मास्क, एन-९५ : तिन्हींचा वाफेवर शून्य उपयोग, ते धुळीसाठी आहेत. वाफेला सेंद्रिय वाफेचं, कोळशाचं कार्ट्रिज लागतं, आणि तेही भरलं की बदलावं लागतं. हातमोज्यांचं तर हसावं की रडावं कळत नाही. दुकानात सहज मिळणारे निळे नायट्राइल मोजे या द्रवाला काही मिनिटंच थोपवतात. व्हायटॉनचे किंवा अनेक पदरांचे लॅमिनेट मोजे लागतात, जे महाग असतात. त्यांच्या किमती बघून मालकाने पाण्यावर चालणारा डिग्रीसर आणि अल्ट्रासॉनिक टाकी घेण्याचा विचार केला, तर ते सगळ्यात उत्तम. मात्र ‘ट्राय बंद केलं’ म्हणून परक्लोरोइथिलीन किंवा नॉर्मल प्रोपिल ब्रोमाइड आणणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. पहिल्यावर कॅन्सरचा संशय आहे, दुसऱ्याने नसा जातात.

हद्द आणि हक्क

फॅक्टरीज ॲक्ट केंद्राचा, म्हणून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला आकडा आणि हद्दीपलीकडच्या शिनोळीतला आकडा एकच राहिला. खाती तेवढी वेगळी : इकडे कर्नाटकचं कारखाने, बॉयलर, औद्योगिक सुरक्षा आणि आरोग्य खातं, तिकडे महाराष्ट्राचं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी कामगार सुरक्षा संहिता अमलात आली आणि तिने फॅक्टरीज ॲक्टची जागा घेतली. तिच्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहाऐवजी वीस कामगारांपासून सुरू होते. आठ-दहा-पंधरा माणसांच्या शॉपनी भरलेल्या आपल्या वसाहतींसाठी ही चांगली बातमी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. घातक कामासाठी माणसांच्या संख्येची अट न पाहता संहिता लागू करण्याचा अधिकार सरकारला आहे. तो वापरला जायला हवा.

जुन्या कायद्याच्या कलम १०८ मध्ये एक साधी ओळ होती : कारखान्यात लावायच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात. फलकांच्या भाषेवरून इथे एवढं रामायण झालं, पण ड्रमवरच्या धोक्याच्या सूचनेसाठी कुणी मोर्चा काढल्याचं ऐकिवात नाही. सेफ्टी डेटा शीट, म्हणजे रसायनाचे धोके नि काळजी सांगणारं पत्रक, इंग्रजीत येते आणि ऑफिसच्या फाइलमध्ये झोपते. ती मागून घ्या, कॉलेजात जाणाऱ्या पोरीकडून घरी वाचून घ्या. कन्नड, मराठी जी समजते त्यात दोन पानं लिहून टाकीपाशी चिकटवली तरी चालेल.

‘मोजलंय, लिमिटच्या आत आहे’ असं कुणी म्हटलं तर पुढचे प्रश्न असे असावेत. हवेचा नमुना घेणारा पंप कामगाराच्या कॉलरला लावला होता की शेडच्या कोपऱ्यात? किती तास? त्या दिवशी धुलाई चालू होती का? शटर उघडी होती का? आणि आत म्हणजे कुठल्या आकड्याच्या आत, पन्नासच्या की दहाच्या?

हवेपेक्षा पक्कं उत्तर लघवीतून मिळतं. शरीर या द्रवाचं ट्रायक्लोरोॲसिटिक ॲसिड करतं आणि ते इतकं सावकाश बाहेर जातं की सोमवारपासून शनिवारपर्यंत साठत जातं. म्हणून नमुना द्यायचा तो आठवड्याच्या शेवटच्या शिफ्टच्या शेवटी. सोमवारी सकाळी दिला तर रविवारच्या सुट्टीने आकडा उतरलेला दिसेल. एसीजीआयएचची रेषा लिटरला १५ मिलिग्रॅमची आहे. आरोग्य तपासणीचा कॅम्प भरवणाऱ्यांना ही तपासणी नावानिशी सांगावी लागते, कारण बीपी, साखर आणि छातीच्या एक्स-रेमध्ये ट्रायक्लोर दिसत नाही.